डावीकडचं मागचं दार

१

‘कधीकधी’ हा शब्द करंटमामांना अजिबात खपायचा नाही. गिऱ्हाईक शेडमध्ये शिरून “सेल्फ कधीकधी घेत नाही हो,” असं म्हणालं, की मामा हातातलं काम थांबवून चष्म्यावरून बघायचे. “कधीकधी म्हणजे कधी? वार सांगा, वेळ सांगा, ऊन होतं की सावली ते सांगा. वीज लहरी नसते साहेब, आपण लहरी असतो.” गाड्यांचं वायरिंग करण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. सगळी गल्ली त्यांना करंटमामा म्हणायची आणि ओघानेच बायकोला मामी. खरं नाव उरलं होतं ते फक्त विजेच्या बिलावर.

तर अशा माणसाच्या पोटच्या लेकीने एक दिवस जेवताना तोच शब्द काढला. “बाबा, गाडी कधीकधी चालूच होत नाही.”

मामांनी या वेळी वार-वेळ विचारली नाही. त्यांचा घास हातातच राहिला. बावीस वर्षांची ती जुनी गाडी म्हणजे घरातली चैन नव्हती. मामींची मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वी थकली होती आणि आठवड्यातून तीनदा, दुपारी, त्यांना डायलिसिसला न्यावं लागायचं. हॉस्पिटल पाऊण तासावर. लेक चष्म्याच्या दुकानात काम करायची, ती दुपारी सुट्टी काढून आईला सोडायची. गेल्या गुरुवारी दुकानामागे लावलेली गाडी जागची हलली नाही. दुसरं वाहन मिळेपर्यंत मशीनची वेळ निघून गेली आणि मामी पुढचे दोन दिवस उशीला टेकून बसून होत्या, आडवं झालं की दम लागायचा. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. “आता एकही वार चुकता कामा नये. पुढच्या वेळी मी निस्तरू शकेन असं समजू नका.”

“मला वाटतं ती आईला घाबरते,” लेक म्हणाली. “आई आत बसली की मुकाट चालू होते. एकदाही अडली नाही.”

“घाबरायलाच पाहिजे,” मामी भिंतीला टेकून म्हणाल्या. “घरात दुसरं कोण घाबरतंय मला?”

तिघंही हसली. मामा जरा कमीच हसले.

२

दुसऱ्या दिवशी गाडी शेडमध्ये आली. मामांनी अवजारांची पिशवी मागच्या सीटवर टाकली आणि शेजारच्या शेडमधल्या फिटरला हाक मारली. सेल्फची, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या मोटरची, तपासणी एकट्याचं काम नाही. एकाने बोनेटमध्ये डोकं घालून टेस्ट लॅम्प धरायचा आणि दुसऱ्याने आत बसून चावी फिरवायची.

“मार,” मामा म्हणाले.

सेल्फ फिरला, इंजिन चालू. बंद करून पुन्हा. पुन्हा चालू. असं पंधरा वेळा झालं.

“मामा, गाडीला काही झालेलं नाही,” फिटर आतून ओरडला. “तुमच्या लेकीला चावी फिरवायला शिकवा.”

मामांनी मागचं दार उघडून पिशवी काढली, दार लावलं आणि सहज म्हणून आणखी एकदा मार म्हणाले.

खट्.

एवढाच आवाज. आतून कोणीतरी चुटकी वाजवावी तसा. टेस्ट लॅम्प लखलखीत पेटलेला होता, म्हणजे करंट सेल्फच्या दारापर्यंत पुरता येत होता. येत होता आणि सेल्फ फिरत नव्हता.

मग मामा हट्टालाच पेटले. बॅटरीची टोकं घासली, अर्थिंगची पट्टी बदलली. सेल्फ उतरवून त्याचे कार्बन पाहिले, ते नव्यासारखे होते. रिले बदलला, चावीचं कुलूप बदललं. शेवटी त्याच बनावटीच्या दुसऱ्या गाडीचा धडधाकट सेल्फ काढून बसवला. खट्. तोच सेल्फ परत त्या दुसऱ्या गाडीत घातला तर पहिल्या फटक्यात फिरला.

“संपावर आहे तुमची गाडी,” फिटर हात पुसत म्हणाला. “मागण्या काय आहेत ते विचारा तिला.”

मामांना हसू आलं नाही. उद्या शनिवार होता आणि दुपारी एकला मामींना निघायचं होतं. त्यांनी आणि फिटरने गाडी ढकलत घरच्या अंगणात आणून लावली. प्रत्यक्षात शनिवारी मामी पदर सावरत मागे बसल्या, लेकीने चावी फिरवली आणि गाडी निमूटपणे गेली. मामा फाटकात उभे राहून ती वळेपर्यंत बघत राहिले.

३

त्यांनी लेकीला एक वही करून दिली. दर वेळी गाडी चालू करताना लिहायचं: वेळ, ऊन, पेट्रोल, आत कोण, आधी काय केलं. लेकीला बारीकसारीक लिहायची सवय दुकानातल्या चष्म्यांच्या नंबरांमुळे होतीच. नऊ दिवसांनी वही मामांच्या हाती आली.

दुपारचं जेवण झाल्यावर ते शेडमधल्या बाकावर वही घेऊन बसले. उन्हाचा काही संबंध दिसेना. पेट्रोलचाही नाही. पुढे मैत्रीण बसली होती तेव्हा गाडी अडली होती, पण मागे किराण्याच्या पिशव्या टाकल्या तेव्हा चालू झाली होती. त्या पिशव्या घरी उतरवल्यावर पुन्हा अडली होती. मामी बसल्या की दर वेळी चालू, आणि मामी उतरल्या की त्यानंतरची खेप हमखास खट्.

मामांनी पेन्सिलीने खुणा केल्या आणि एकाएकी ताठ बसले. पिशव्या काय, मामी काय, सगळं एकाच दारातून जात-येत होतं. डावीकडचं मागचं. घराची पायरी त्याच बाजूला पडायची म्हणून. त्या दारातून शेवटी काही आत गेलं असेल तर गाडी चालू व्हायची आणि शेवटी काही बाहेर आलं असेल तर अडायची.

“अरे, बटण!” ते मोठ्याने म्हणाले. दाराच्या चौकटीत एक छोटं बटण असतं, दार उघडलं की छतातला दिवा लावणारं. त्याची अर्थिंगची वायर कुठेतरी सेल्फच्या वायरीला चिकटली असणार. त्यांना इतका आनंद झाला, की जागेवरून उठून त्यांनी शेडमध्ये अडून उभ्या असलेल्या गाडीचं ते दार उघडलं, जरा वेळ धरलं, लावलं, आणि स्वतःच चावी फिरवली. चालू!

त्यांनी लगेच लेकीला फोन केला. “अडली की डावीकडचं मागचं दार उघडायचं, जरा धरायचं, लावायचं. बास.”

“एवढंच? तुम्ही ग्रेट आहात बाबा.”

दुसरा कोणी कारागीर असं करता तर मामांनी त्याला चारचौघांत फैलावर घेतलं असतं. बिघाड न शोधता तोडगा सांगायचा आणि गिऱ्हाईक वाटेला लावायचं, याला ते कामचुकारपणा म्हणत. पण आपल्या बायकोचा श्वास त्या गाडीवर चालतो म्हटल्यावर तत्त्वं जरा बाजूला राहतात. त्या दिवशी ते बऱ्याच दिवसांनी नीट झोपले.

४

बिघाडाचा पिच्छा मात्र त्यांनी सोडला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी ते बटणच उपटून काढलं, वायरीची टोकं वेगवेगळी करून टेप गुंडाळली. आता दार उघडं असो की बंद, गाडीच्या विजेला त्याची खबर लागायचं कारण नव्हतं.

फिटर चावीपाशी बसला. मामा मागच्या दाराशी उभे राहिले.

“मार.”

खट्.

मामांनी दार उघडून लगेच आपटलं. “मार.”

खट्.

दार उघडलं आणि तीन मोजेपर्यंत धरलं. खट्. पाच मोजेपर्यंत धरलं. खट्. मग सातापर्यंत मोजलं, लावलं, आणि सेल्फ फिरला.

पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं, सामान काढल्यासारखं दार उघडून बराच वेळ थांबून गाडी आधी अडवून घेतली आणि मग मोजलं. सातच्या खाली काही होईना. वायर नाही, बटण नाही, तरी सात. सात मोजायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मामी वाकून, हात टेकवून, एक पाय आत, मग दुसरा पाय आत, अशा सीटवर बसायच्या. हे मामांच्या मनात आलं आणि त्यांनी ते झटकून टाकलं.

“मामा, लावा की दार,” फिटर आरशातून बघत म्हणाला. “कोणाची वाट बघताय?”

फिटर हसला. मामांनी दार लावलं. गाडी चालू झाली आणि फिटर उतरून आपल्या कामाला गेला.

मामांनी इंजिन बंद केलं आणि जमिनीवरचा पाना उचलायला वाकले. तिथून मागची दोन्ही चाकं दिसत होती. त्यांनी उजव्या चाकावर बोटं आडवी धरली. टायर आणि वरचा पत्रा यात चार बोटांची जागा होती. डावीकडे जाऊन धरली तर तीन बोटं. चौथं जाईना.

जुनी स्प्रिंग, ते स्वतःला म्हणाले. बावीस वर्षांची गाडी, एक बाजू बसणारच. फरशी उताराची असेल. त्यांनी कपाटातून पाणसळ आणून फरशीवर ठेवली. बुडबुडा अगदी मधोमध थांबला. मग त्यांनी डावीकडचं दार उघडलं आणि शेडच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले, तिथून रस्त्याकडे बघत राहिले. असं का केलं हे त्यांना सांगता आलं नसतं. परत येऊन बोटं धरली तेव्हा डावीकडे चार बसली.

५

त्या शनिवारी लेकीच्या दुकानात गर्दी होती म्हणून मामा स्वतः मामींना घेऊन निघाले. मामी नेहमीसारख्या डाव्या दाराने आत बसल्या. गाडी चालू झाली. सिग्नलला मामांनी आरशात पाहिलं तर मामी बरोबर त्यांच्या पाठीमागे, उजव्या खिडकीला टेकून बसलेल्या. म्हणजे एवढी सीट सरकत गेल्या होत्या. घरात खाटेवरून उठायला ज्यांना दोन माणसं लागतात, त्या.

“तिकडे का गेलीस गं? दाराजवळ बसायचं सोडून.”

“तिकडे सीट कोमट लागते. उन्हात ठेवत जाऊ नका गाडी.”

गाडी सकाळपासून शेडच्या आत, पत्र्याखाली होती.

“आणि अवघडल्यासारखं होतं,” मामी डोळे मिटून म्हणाल्या. “कालपरवापासून होतंय असं नाही. बरेच दिवस झाले. इकडे बरं आहे मला.”

“बरेच दिवस म्हणजे कधीपासून?”

“आता वार आणि वेळ विचारू नका. मी तुमचं गिऱ्हाईक नाही.”

मामांनी हसण्याचा आवाज काढला. मागच्या सीटचा उजवा कोपराच तेवढा आरशात दिसत होता. हात वर करून आरसा थोडा वळवला असता तर डावीकडचंही दिसलं असतं. हॉस्पिटलपर्यंत सात सिग्नल लागले आणि प्रत्येक सिग्नलला त्यांनी हात वर करायचं ठरवलं. भीती वाटते हे त्यांनी त्या दिवशी मनात का होईना, कबूल केलं. ती स्वतःसाठी नव्हती. मागे मामी होत्या, आणि त्यांना कळत नव्हतं की आपण त्यांना कुणाशेजारी बसवून नेतोय.

६

मंगळवारी त्यांनी शेड उघडलीच नाही. सकाळी अंगणात गाडीपाशी बसले आणि बॅटरीपासून सेल्फपर्यंत बोटाएवढी जाड केबल थेट ओढली. चावी नको, रिले नको, मधे काही नको. डॅशबोर्डखाली एक दणकट बटण बसवलं. बॅटरी, बटण आणि सेल्फ. यात रुसायला जागाच ठेवली नव्हती. दहा वेळा दाबलं, दहा वेळा फिरला. तेव्हा डावीकडे तीन बोटं होती.

आता दुसरं काम. साडेअकराला त्यांनी डावीकडचं मागचं दार सताड उघडलं. “जा,” असं म्हणाले, अगदी हळू, आणि लगेच आजूबाजूला पाहिलं. मग घरामागे जाऊन नळावर हात धुतले, गरज नसताना दोनदा धुतले, आणि वीसेक मिनिटांनी परत आले.

डावीकडे चार बोटं. त्यांनी दार लावलं, कुलूप घातलं. छातीवरचं ओझं उतरलं. असो काय असेल ते, गाडीतून गेलं. आता ते बटण दाबून बघणार एवढ्यात घरातून मामींचा आवाज आला. अंगणाकडचं घराचं दार सकाळपासून उघडंच होतं, हातदिव्याची वायर आतून आणली होती म्हणून.

मामा आत गेले. मामी भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडलेल्या होत्या. दम लागत असल्यासारखं बोलत होत्या, थांबून थांबून.

“काय गं? कोणाशी बोलतेस?”

मामींनी मान वळवली. मामांना दारात बघून त्यांनी पायथ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “तुम्ही तिथे आहात होय? मला वाटलं तुम्हीच येऊन बसलात पायथ्याशी. मघापासून म्हणतेय, जरा पाय दाबा.”

खाटेच्या पायथ्याशी कोणी नव्हतं. चादर तिथे खोलगट दबलेली होती आणि मामांच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वर आली.

७

लेक साडेबाराला आली. आईचा चेहरा बघून तिने पर्स खांद्यावरून काढलीसुद्धा नाही. “बाबा, आज हिला जास्त दम लागलाय. लवकर निघू या.”

मामांना ते कळत होतं. त्यांनी मामींना अक्षरशः उचललं. पायरीकडच्या डाव्या दाराने न नेता गाडीला वळसा घालून उजव्या दाराने आत बसवलं आणि दार झटक्यात लावून घेतलं. स्वतः पुढे लेकीच्या शेजारी बसले. घराचं दार उघडंच राहिलं, त्यांना तिकडे परत जायचं नव्हतं.

“ते नवं बटण दाब.”

लेकीने दाबलं. खट्.

“पुन्हा.”

खट्. बोनेटमधून तापलेल्या केबलचा वास आला. एवढी जाड केबल तापते म्हणजे करंट बक्कळ जात होता. तो जात कुठे होता ते मामांना एकतीस वर्षांच्या अनुभवातून सांगता येईना. अंगणाचा चढ रस्त्याकडे होता, त्यामुळे ढकलायचा प्रश्नच नव्हता. दुसरी गाडी मागवायची तर तास गेला असता. मागे मामींचा श्वास ऐकू येत होता, सुईसारखा बारीक.

“बाबा, असं काय करताय?” लेक म्हणाली. “डावीकडचं दार उघडा ना. तुम्हीच तर शिकवलंत.”

“नको. थांब जरा.”

“कशाला थांबायचं? आईकडे बघा तरी!”

मामांनी मान वळवून पाहिलं. मामींचे ओठ निळसर पडत चालले होते. मामा उतरले. त्यांनी डावीकडचं मागचं दार उघडलं आणि धरून उभे राहिले. मोजायला लागले. सात झाले. आतून लेकीने बटण दाबलं. खट्.

“नीट धरा बाबा!”

आठ. नऊ. समोर घराचं दार उघडं होतं. आतली खोली दिसत होती, खाटेचा एक पाय दिसत होता. काही हलत नव्हतं. कितीही घाई असली तरी तिथून इथपर्यंत यायला वेळ लागणारच, असं मामांना वाटलं, आणि आपल्याला असं वाटतंय याचीच त्यांना धडकी भरली. अकरा. मामींना खोकल्याची उबळ आली, खोकायलाही बळ नव्हतं.

“या हो,” मामा म्हणाले. गिऱ्हाइकाशी बोलायचा तोच आवाज होता. “या लवकर. उशीर होतोय तिला.”

उंबऱ्यावरचं पायपुसणं जरासं सरकलं. मग काहीच नाही. मग मामींनी डोळे न उघडता सीटवर पसरलेला आपला पदर गोळा करून मांडीवर घेतला आणि उजवीकडे सरकून बसल्या, बसमध्ये कोणी शेजारी आलं की आपण सरकतो तशा. त्यांच्या डावीकडच्या रेक्झिनवरच्या सुरकुत्या ताणल्या जाऊन सपाट झाल्या. गाडी त्या बाजूला किंचित खाली बसली.

मामांनी दार लावलं. आपटलं नाही, हाताने दाबून, कोणाला लागू नये असं लावलं.

सेल्फ एका दमात फिरला. “बघा!” लेक म्हणाली आणि गाडी चढावरून रस्त्यावर घेतली. तिने पाठोपाठ आईला हाक मारली, मामींनी “हं” केलं. दीडच्या आत पोचू, लेक म्हणाली. मामांनी मान हलवली आणि काचेतून सरळ समोर बघत राहिले.

पहिल्या सिग्नलच्या आधी त्यांच्या सीटच्या पाठीतून दोन गुडघे त्यांच्या पाठीला टेकले. अडचण होत असावी, गुडघे जरा हलले आणि पुन्हा टेकले. मामी तर उजवीकडे होत्या, लेकीच्या मागे, त्यांचा श्वास तिकडूनच येत होता. मामांनी खाली हात घातला, खिट्टी ओढली आणि आपली सीट एक खाच पुढे घेतली.